भगुण्यांचे प्रतिष्ठान

पितळेवर चिंचेचा कोळ चोळला की जो वास सुटतो, तो आधी जिभेला कळतो आणि मग नाकाला. आंबट, किंचित रक्तासारखा, ओल्या राखेच्या आडून येणारा. आमच्या गावच्या प्रतिष्ठानाची आठवण काढताना मला खरे तर गुलाबपाण्याचा किंवा नव्या शालीतल्या डांबरगोळीचा वास आठवायला हवा. संस्थेच्या कार्यात ह्या दोन द्रव्यांचा वाटा फार मोठा आहे. पण आठवतो तो चिंचेचाच. रौप्यमहोत्सवाच्या आधी समाजमंदिराच्या ओट्यावर मोठमोठी भगुणी पालथी घालून बायका ती घासत होत्या आणि त्यांच्या डोक्यांवर एक फलक चढवण्याचे काम चालले होते. फलकावर लिहिले होते : 'समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी अहोरात्र कटिबद्ध'. कटिबद्ध म्हणजे कंबर कसलेले. ज्यांच्या कंबरा कसलेल्या होत्या त्या खाली, हात कोपरापर्यंत काळे करून बसल्या होत्या.

नगरच्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर कविता शिकवली आणि निवृत्तीनंतर नवऱ्याच्या गावी, तिसगावच्या बाजाराला चालत जाता येईल इतक्या जवळ, राहायला आले. कविता शिकवणाऱ्या बाईचा गावाला काय उपयोग, हा प्रश्न गावाला पडला नाही, कारण गावात प्रतिष्ठान होते आणि प्रतिष्ठानाला विशेषणे लागत.

प्रतिष्ठान काय करते, असे विचारले तर गावातले कोणीही सांगेल की कार्यक्रम करते. वह्यांचे वाटप होते. वहीच्या मुखपृष्ठावर अध्यक्षांचे छायाचित्र असते, मलपृष्ठावर अध्यक्षांच्या कैलासवासी वडिलांचे. मधली पाने विद्यार्थ्यांना लिहिण्यासाठी कोरी ठेवलेली असतात, हे संस्थेचे औदार्य. नेत्रतपासणीचे शिबिर होते. एका शिबिरात उद्घाटक येईपर्यंत म्हाताऱ्यांना उन्हात बसवून ठेवल्याने सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शिबिराची निकड आपोआप सिद्ध झाली. सत्कार तर बारमाही. ज्याचा सत्कार अद्याप झालेला नाही असा माणूस गावात सापडला, तर तो एवढ्याच कारणासाठी सत्कारास पात्र ठरावा, अशी परिस्थिती आहे.

अध्यक्ष नात्याने माझे चुलत दीर. माणूस वाईट नाही. त्यांना मनापासून चांगले करायचे असते. फक्त ते करताना कोणीतरी पाहत असावे, एवढीच त्यांची अट असते. एका संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले, खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाले, "वहिनी, स्मरणिकेत 'ध्येय आणि इतिहास' असं दोन पानांचं पाहिजे. तुमचं मराठी जड आहे. लोकांना कळलं नाही तरी चालंल, पण वजन आलं पाहिजे."

"इतिहास काय आहे पण?" मी विचारले.

"ते तुमी लिहिल्यावर कळंलच की," ते म्हणाले आणि चहाला नको म्हणून चहा घेऊन गेले.

इतिहास विचारायला मी काकींकडे गेले. काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. सगळे गाव त्यांना काकीच म्हणते. त्या उंबऱ्यात बसून मटकी निवडत होत्या. सुपातल्या मटकीचा सळसळता आवाज आणि मधूनच उडवलेला खडा फरशीवर पडल्याचा टक् आवाज, ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत काकी बोलतात. ती लय सापडली की त्यांचे बोलणे सलग ऐकू येते.

"काकी, आपलं प्रतिष्ठान कसं सुरू झालं?"

"कोन्तं?"

"आपल्याकडे एकच आहे."

"त्ये व्हय! त्ये मला न्हाई ठावं. मला भगुन्यांचं ठावं हाय."

मग त्यांनी भगुण्यांचे सांगितले. मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट. गावात कोणाच्याही घरी कार्य निघाले की मोठी भांडी शेजारच्या गावच्या एका तालेवार घरून मागून आणावी लागत. घासूनपुसून परत दिली तरी त्या घरची म्हातारी प्रत्येक भांड्याच्या बुडावर बोट फिरवी आणि ते बोट आलेल्या बाईला दाखवी. "त्या बोटाचा लई राग यायचा," काकी म्हणाल्या. "मंग आमी समद्या जनींनी घरातलं फुटकंतुटकं भाईर काढलं. कुनाचा गळका तांब्या, कुनाची बूड गेलेली घागर. माझ्या चुलतजावेनं तिच्या सासूनं फेकून मारलेलं पिताळंचं ताट दिलं. चेपलं हुतं त्ये. समदं नगरला तांबटाच्या दुकानी मोडीत घातलं, आन ही भगुनी आनली."

"आणि भाडं?"

"भाडं कशाचं? घरचीच हायेत. न्या, रांधा, घासून आना. येकच हुतं, रिकामं आनायचं न्हाई."

शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, त्यात चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपण सगळ्याच जणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ह्या बायकांनी तो रिवाज सगळ्या गावाला लावला होता. भगुणे परत येताना त्यात पसाभर ज्वारी यायची, गुळाचा खडा यायचा, नाहीच जमले तर चार कांदे. ते सगळे मारुतीच्या देवळाच्या ओवरीत एका कणगीत पडे. ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याने ओवरीत जावे आणि लागेल तेवढे न्यावे.

"कोणी किती नेलं, लिहून ठेवत होता का?" मी विचारले. शिकलेल्या माणसाला सुचणारा हा पहिला प्रश्न असतो.

काकींनी एक खडा उडवला. "लिवून ठिवलं आसतं तर नेलं कोनी आसतं गं?"

पुढे अध्यक्षांच्या वडिलांना, जे गावातले पहिले पदवीधर होते, ह्या सगळ्या व्यवस्थेत एक मोठी उणीव आढळली : तिला लेटरहेड नव्हते. त्यांनी रीतसर सभा बोलावली. सभा दिवेलागणीला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी भरली, त्यामुळे विश्वस्तांत एकाही बाईचे नाव येऊ शकले नाही. सभेनंतरचे जेवण मात्र ह्याच भगुण्यांत शिजले, असे काकी सांगतात. तेव्हा महिलांचा सहभाग नव्हता असे कोणाला म्हणता यायचे नाही. नोंदणी झाली, संस्थेला 'बहुउद्देशीय' हे विशेषण मिळाले आणि एकच उद्देश असलेली कणगी ओवरीला फरशा बसवताना काढून टाकण्यात आली. भगुणी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत गेली. बऱ्या घरच्या लोकांनी मंडपवाले, आचारी धरले. खालच्या वस्तीतली माणसे मात्र भगुणी नेत राहिली आणि आणताना त्यात काही ना काही घालत राहिली. ते काय करायचे हे संस्थेत कोणालाच ठाऊक नसल्याने उंदरांचे बरे चालले होते.

हे सगळे मी लिहिले. शक्य तितक्या साध्या मराठीत लिहिले, ही माझी चूक अध्यक्षांच्या तत्काळ लक्षात आली. ते लाल पेन घेऊन बसले.

"वहिनी, फुटकं, तुटकं, मोड... रौप्यमहोत्सवात नकारात्मक वाटतं. आणि ताट फेकून मारलं, हे तर काढाच. मारणारीचे नातू आपल्या कार्यकारिणीत आहेत."

चेपलेले ताट गेले आणि त्या जागी 'तत्कालीन महिलाशक्तीचे प्रेरणादायी योगदान' आले. 'रिकामे भांडे परत आणायचे नाही' ह्या वाक्याचे 'परतफेडीच्या मूल्याधिष्ठित संकल्पनेतून' असे झाले. मला कबूल करावे लागेल की आता वजन आले होते. ते वाक्य उचलायला चार माणसे लागली असती.

पण इतिहास वाचून अध्यक्ष खरोखर हलले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि पाण्यापाठोपाठ कल्पना आली. रौप्यमहोत्सवात 'वारसा दालन' उघडायचे. नगरहून भिंतभर लांबीचे काचेचे कपाट आले, आत पिवळे दिवे लागले. भगुणी घासून त्यात मांडायची, काकींच्या हस्ते फीत कापायची. काकींनी एकच अट घातली : मांडण्याआधी सगळ्या भांड्यांना आतून कल्हई झाली पाहिजे.

"काकी, काचेत ठेवायचीत ती. आतून कोन बघतंय?" अध्यक्ष म्हणाले.

"आमटी बघती," काकी म्हणाल्या.

कल्हईवाला आला. समाजमंदिराच्या आवारात भाता लागला, नवसागराचा पांढरा, घशाला झोंबणारा धूर उठला आणि भगुण्यांच्या पोटात चांदणे उतरल्यासारखे झाले. त्यामागून यंत्राने नावे घालणारा आला. भांड्यावर नाव घालणे ही आपल्याकडे मालकीची शेवटची आणि न पुसणारी खूण. त्याची सुई पितळेवर टर्रर करत फिरली आणि प्रत्येक भगुण्याच्या कडेखाली अध्यक्षांच्या वडिलांचे नाव 'यांच्या स्मरणार्थ' ह्या शब्दांसह उमटले. ज्या बायकांनी तांबे-पितळ दिले होते त्यांच्या नावांचा प्रश्नच नव्हता. इतकी नावे बसवायला तेवढी जागा तरी हवी, आणि बसवली असती तरी ही भगुणी नक्की कोणाच्या स्मरणार्थ आहेत हा घोळ झालाच असता.

त्याच दिवसांत एक बाई माझ्याकडे आली. खालच्या वस्तीत राहणारी. नवरा आणि ती, दोघे दर वर्षी ऊसतोडणीला जातात. गेली काही वर्षे थोरली मुलगीही त्यांच्याबरोबर जात होती. ती बाई दारात उभी राहून पदराने कपाळ पुसत म्हणाली, "बाई, तुमी त्या परतिष्ठानाचं लिवता म्हनं. मंग तुमचं चालत आसंल तिथं."

"माझं तिथे काही चालत नाही. माझं मराठी चालतं," मी म्हणाले. "काय काम आहे?"

"भगुनी पायजेत. पोरीचं लगीन हाय."

मुलगा सुप्याला एका कारखान्यात कामाला होता. लग्नाचे दिवस अजून सुरू व्हायचे होते, पण भटजींकडून काढीव मुहूर्त घेतला होता, गोरजाचा. दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीची गाडी निघणार होती आणि गाडी कोणासाठी थांबत नाही.

"लगीन लागलं तर पोरगी सुप्याला जाईल, तिच्या घरी. न्हाई लागलं तर तिला संगं न्यावं लागंल. तरनी पोर मागं कुनापाशी ठिवू?" तिने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिले. कोयत्याच्या मुठीने तिथे जे केले होते ते चामड्यासारखे चकाकत होते. "औंदा तिच्या हातात कोयता द्यायचा न्हाई, बाई. तेवढंच ठरीवलंय."

"पण भांड्यांवाचून लग्न अडेल?"

"नवऱ्या पोराचा चुलता लई मानाचा हाय. म्हनला, वऱ्हाड पानावर बसवायचं जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या, टोळी परत आल्यावर बघू. त्याला निमित्तच पायजे. घरातल्या पातेल्यात काय वऱ्हाडाची आमटी हुती का?"

मी तिला धीर दिला. भगुणी गावाचीच आहेत, आत्ताच त्यांचा इतिहास लिहिला आहे, असे सांगितले. इतिहास लिहिणाऱ्याला आपण लिहिले ते खरे आहे असे वाटू लागते, हा त्या कामातला धोका.

अध्यक्ष समाजमंदिरात कपाटाच्या काचेवर स्वतःच पालथ्या हाताने फडके फिरवत होते. मी म्हणाले ते त्यांनी नीट ऐकले.

"वहिनी, भावना समजते मला. पण आता ती भांडी राहिली नाहीत. वारसा झालाय तो."

"भाऊजी, आमटी वारशात शिजत नाही. चुलीवर शिजते."

"त्याच दिवशी आपला महोत्सव आहे. प्रमुख पाहुणे येऊन रिकामं कपाट बघणार का?" मग त्यांना त्या बाईसाठी खरोखर काहीतरी करावेसे वाटले. "आपण असं करू, नवरीचा सत्कार करू. शाल, नारळ, सन्मानचिन्ह. नाहीतर त्यांना म्हणावं, पुढच्या वर्षी ठेवा. पुढच्या वर्षी आपण सामुदायिक विवाहच घेतोय. भव्य."

मुलीने एवढ्यासाठी आणखी एक हंगाम ऊस तोडावा, म्हणजे तिला भव्य सोहळ्यात उभे राहता येईल, हे त्यांना निर्दयपणाचे वाटत नव्हते. त्यांना ती नियोजनातली छोटीशी तडजोड वाटत होती.

मी तिसगावला मंडपवाल्याकडे गेले. तो तोंडात सुपारी धरून म्हणाला, "ताई, हंगाम सुरू व्हायचाय म्हनून मोठा संच एकच ठेवलाय इथं, बाकी माल तिकडं एका सप्ताहाला गेलाय. आन हा संच त्या दिवशी तुमच्याच प्रतिष्ठानानं घेतलाय की. गावजेवण हाय ना तुमचं!" त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमच्याकडं तर सोताची हुती भांडी. त्यांचं काय झालं?"

"त्यांचा महोत्सव आहे," मी म्हणाले.

येताना रस्त्याने बाजरीची कापलेली ताटे वाळत होती, वाऱ्यात त्यांचा कोरडा, कागदासारखा आवाज होता. मी चालता चालता संस्थेचे ध्येय मनाशी नव्याने मांडून पाहिले. गावाला भांडी मिळावीत म्हणून स्थापन झालेल्या संस्थेने स्वतःची भांडी काचेत ठेवली होती, आणि ती काचेत असल्याने जेवणासाठी पंचक्रोशीतली उरलेली भांडीही भाड्याने उचलली होती. एका दिवसासाठी का होईना, गावात कोणाला भांडे मिळू नये अशी पक्की व्यवस्था झाली होती. इतका सर्वांगीण विकास आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणत्या संस्थेने साधला असेल असे मला वाटत नाही.

संध्याकाळी काकींना सगळे सांगितले. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले, बस्स. मग म्हणाल्या, "माझा सत्कार कंदी हाय?"

"परवा, सकाळीच. न्यायला येणार आहेत तुम्हाला."

"मंग माझं हिरवं लुगडं काढून ठिव. आन तू बी ये संगं. पुढं बस."

महोत्सवाच्या सकाळी समाजमंदिरापुढे सनईची ध्वनिफीत वाजत होती. झेंडूच्या माळा, सांडलेल्या रांगोळीची भुकटी, नव्या सतरंजीचा घुसमटलेला वास. छातीवर बिल्ले लावलेले स्वयंसेवक एकमेकांना पाणी विचारत होते. प्रमुख पाहुणे करंजीच्या घाटात होते. अर्ध्या तासाने चौकशी केली तेव्हाही ते घाटातच होते. घाट तेवढा लांब नाही, पण पाहुणे तेवढे मोठे होते.

छायाचित्रकार कंटाळला. दिव्यांचा उजेड काचेवरून उलटतो आहे, एकदा तालीम करून बघू, असे तो म्हणाला. तबकातली कात्री काकींच्या हातात दिली गेली.

"काकी, नुसती धरायची हां," अध्यक्ष म्हणाले. "कापायची न्हाई. पाहुणे आल्यावर कापायची."

काकींनी कापली.

"अहो काकी!"

"कात्री दिल्यावं मानूस कापतंयच," काकी म्हणाल्या आणि त्यांनी काच सरकवली. पिवळ्या उजेडात बसलेल्या सगळ्यांत मोठ्या भगुण्याची कडी त्यांनी धरली आणि ओढली. फळीवरून पितळ घसरत आल्याचा जो आवाज झाला त्याने सनईही काही क्षण ऐकू येईनाशी झाली. आपल्या खुर्च्यांवर बसलेली सगळी सभा उठून उभी राहिली.

"काकी, काय करताय? ते प्रदर्शनात आहे!"

"भगुनं व्हय?" काकींना खरोखर नवल वाटल्यासारखे दिसले. "आरं, तिकडं लग्नघरी चूल पेटवून बसल्यात. गोरजाला वऱ्हाड जेवायचंय. आमटी कशात टाकतील, तुज्या टोपीत?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसले. अध्यक्षांनी हसणाऱ्याकडे न पाहता आवाज खाली आणला. "काकी, मी पाहुण्यांना काय दाखवू?"

"काच दाखीव की. लई मोठी आनलीया." मग त्या स्वयंसेवकांकडे वळल्या. "आन तुमी रं? सेवा करायची म्हनून बिल्लं लावल्यात ना? मंग उचला."

स्वयंसेवकांनी अध्यक्षांकडे पाहिले, काकींकडे पाहिले. जन्मापासून काकींच्या हातचा मार खाल्लेली ती मुले होती. पण प्रवासखर्च अध्यक्षांकडून मिळायचा होता. कोणी हलेना. काकींनी एकटीने कडी धरून ठेवली होती आणि त्यांच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. अध्यक्ष माझ्याकडे आले, कानाशी वाकून म्हणाले, "वहिनी, तुमी तरी काहीतरी बोला त्यांच्याशी."

मी त्यांच्याशीच बोलले. म्हणाले, "भाऊजी, काचेमागचा वारसा हा मृत वारसा. चुलीवरचा तो जिवंत. पाहुण्यांना आपण आज थेट 'जिवंत वारसा' दाखवू शकता. ऊसतोड कामगारांच्या कन्येच्या विवाहात, संस्थेच्या संस्थापक मातेच्या हस्ते, प्रत्यक्ष अन्नदान. असं जिल्ह्यात कोणी केलेलं नाही."

हे वाक्य मी उभ्याउभ्या रचले आणि त्यात एकही अर्थ नाही ह्याची मला पूर्ण जाणीव होती. पण ते अध्यक्षांच्या चेहऱ्यावर उतरत गेलेले मी पाहिले : आधी कपाळावरची आठी गेली, मग डोळे मोठे झाले, मग मान आपोआप माइकच्या दिशेला वळली. आयुष्यभर अलंकार शिकवले. त्यांचा इतका रोकडा उपयोग होताना मी प्रथमच पाहत होते.

"बंधूंनो आणि भगिनींनो," माइक खरखरला, "प्रतिष्ठानाच्या नव्या उपक्रमाचा, 'जिवंत वारशाचा' शुभारंभ संस्थापक मातेच्या हस्ते आत्ता होत आहे!"

टाळ्या पडल्या. स्वयंसेवक धावले. भगुणी, पराती, झाकणे, सगळे एकामागून एक बाहेर पडले आणि सनईच्या तालावर खालच्या वस्तीकडे निघाले. काकी त्यांच्या मागून, "खाली आपटू नगा रं, कल्हई उडंल," असे ओरडत, सत्काराची खुर्ची रिकामी ठेवून गेल्या. त्यांची शाल मी घेतली. ती अजून माझ्याकडे आहे, फार टोचते.

प्रमुख पाहुणे दुपारी आले. घाईने नवी फीत बांधण्यात आली आणि त्यांनी ती पिवळ्या उजेडाने भरलेल्या, संपूर्ण रिकाम्या कपाटापुढे कापली. भाषणात ते म्हणाले की ही ऐतिहासिक भांडी पाहून आपण भारावून गेलो आहोत. मी 'ध्येय आणि इतिहास' वाचला. लोक भाड्याच्या भांड्यांतल्या जेवणाची वाट पाहत होते, त्यामुळे वाचन शांततेत पार पडले.

उन्हे कलल्यावर मी खालच्या वस्तीत गेले. पत्र्याच्या घरापुढे चर खणून चुली केल्या होत्या. भगुणी चढलेली होती आणि लाकडांच्या जाळाने त्यांच्यावर बाहेरून अशी काजळी धरली होती की स्मरणार्थ घातलेले नाव कधीच दिसेनासे झाले होते. आतली आमटी उकळताना तिचा रंग कल्हईच्या चांदीवर तांबूस हलत होता. तिखटाचा, काळ्या मसाल्याचा, लसणाचा वास डोळ्यांत पाणी आणत होता. गाईगुरांच्या पायांची धूळ हवेत असतानाच अंतरपाट बाजूला झाला. अक्षता पडल्या. ज्या मुलीसाठी हे सारे चालले होते ती मान खाली घालून उभी होती, आणि तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत आल्या होत्या. तिचा कोयता घराच्या पत्र्याखाली, वाशाला खोचलेला दिसत होता. बाकीचे कोयते गाठोड्यात बांधून झाले होते.

मग पंगत बसली. नवऱ्या मुलाचा मानाचा चुलता पहिल्या पानावर होता. त्याने आमटीचा भुरका मारला, आजूबाजूला कोणी पाहत आहे का ते पाहिले आणि आणखी मागितली. एवढ्यात अध्यक्ष आले, मागे छायाचित्रकार, त्यामागे दोघांच्या हातात 'जिवंत वारसा' असा ताजा फलक. फलकाचा रंग अजून ओला होता. नवरानवरीने भगुण्याला हात लावून उभे राहावे, अशी त्यांची इच्छा होती.

"आदी वऱ्हाड जेवू द्या, मंग फोटू," नवरीची आई म्हणाली. "भगुनं तापलंय. हात लावताय का तुमी?"

अध्यक्षांनी लावला नाही. ते फलकाजवळ उभे राहिले, थोड्या वेळाने एका पानावर बसले, आणि पुढे पंगतीत त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता : "इकडं भात! इकडं भात आणा!" मला त्या वेळी ते, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा, बरेच वाटले.

मी चुलींपासून जरा दूर, हातात स्मरणिकेचा गठ्ठा धरून उभी होते. नवरीच्या आईशी काय बोलावे हे मी मनाशी जुळवत होते. पहाटे तिची गाडी निघणार होती. तेव्हा शुभेच्छा, निरोप आणि मुलीविषयी काहीतरी, हे सगळे एकाच वाक्यात, फार न फुलवता, म्हणता आले तर बरे. वाक्य बऱ्यापैकी जमत आले होते. ती मला पाहून झपझप आली. कपाळावर घाम, हळदीने पिवळे झालेले पदराचे टोक कमरेला खोचलेले. तिने माझ्या हातातला गठ्ठा काढून घेऊन खाटेवर टाकला, आमटीने निथळणारे ओगराळे माझ्या मुठीत दिले, आणि नुकत्याच बसलेल्या दुसऱ्या पंगतीकडे हनुवटी करून म्हणाली,

"वाढा."